गाडीच्या काचेवरचे चरे घरी घालवता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्रायव्हरकडच्या दाराच्या काचेवर बारीक उभ्या रेघा पडल्या आहेत, पुढच्या काचेवर वायपर फिरतो तिथे कमानीसारखा चरा आहे, टूथपेस्ट घासून पाहिली पण उपयोग झाला नाही, आता बफिंग करावं की सरळ काच बदलावी?

दाराच्या काचेवरच्या रेघा बारीक असतील तर घरीच जातील. वायपरचा चरा नखाला अडकत असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल, तर त्याला हात लावू नका. दोन्हींना उत्तर वेगळं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे मेहनत वाया जाणार नाही.

आधी टूथपेस्टबद्दल. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी मोह्जची पट्टी आहे, तिच्यावर गाडीची काच साधारण साडेपाचला येते. टूथपेस्टमधला खडू तीनला, खायचा सोडा अडीचला. काही पेस्टमध्ये सिलिका असते, पण ती दाताचं इनॅमल खरवडणार नाही इतकी मऊ ठेवलेली असते. मऊ वस्तूने कठीण वस्तू घासली जात नाही, मग हात कितीही दुखोत. उलट रस्त्यावरच्या धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतं, ते सातला. म्हणून वाळूचा एक कण काचेवर रेघ ओढतो आणि पेस्टची अख्खी ट्यूब ती रेघ पुसू शकत नाही.

मग काही जणांना पेस्टने फरक पडल्यासारखा का वाटतो? काच ओली करून बघा, बारीक रेघा नाहीशा होतात. चऱ्यात पाणी भरलं की प्रकाश तिथे कमी फुटतो. पेस्ट, मेण, पारदर्शक नेलपॉलिश हे सगळे तेवढंच करतात, चरा भरतात. दोन वेळा गाडी धुतली की रेघा जागच्या जागी. तेव्हा चरा घालवायचा म्हणजे एकच अर्थ: त्याच्या आजूबाजूची काच चऱ्याच्या तळापर्यंत झिजवायची. बारीक रेघ काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल असते, तिथे हे जमतं. खोल चऱ्याभोवती एवढी काच काढली की खळगा तयार होतो आणि काच त्या जागी भिंगासारखी वागायला लागते.

आता तुमच्याकडे नक्की काय आहे ते ओळखा. काच शाम्पूच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. बोअरवेलच्या पाण्याने गाडी धुतली जात असेल तर क्षारांचे डागही खरखरीत लागतात आणि लोक त्यांना ओरखडे समजतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजवलेला कपडा दहा मिनिटं काचेवर ठेवा. क्षार असतील तर मऊ पडतील. त्यानंतर संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खरा चरा चांदीच्या तारेसारखा चमकतो. नखाचं टोक त्याच्यावरून आडवं फिरवा. नख घसरून गेलं तर काम सोपं. किंचित जाणवलं तर वेळ लागेल, पण होईल. नख अडकलं तर पुढे वाचा आणि मगच ठरवा. काचेला आतून फिल्म लावलेली असेल तर आतल्या बाजूनेही नख फिरवून बघा. बऱ्याचदा ओरखडा फिल्मवर असतो आणि लोक बाहेरून काच घासत बसतात.

काचेच्या कोपऱ्यातला शिक्काही वाचा. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा पातळ थर. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात. टेम्पर्ड काच भट्टीत तापवून झटकन थंड करतात, त्यामुळे तिचे बाहेरचे थर दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. दाबाचा थर प्रत्येक बाजूने जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका असतो. पॉलिशने काही मायक्रॉन गेले तर त्याला धक्का लागत नाही. पण खोल खाच त्या थराच्या पलीकडे गेली की अख्खी काच एका क्षणात दाण्यांसारखी विखुरते. म्हणून दाराच्या काचेवर ग्राइंडर चालवायचा नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी.

पॉलिश सुरू करण्याआधी रेघा पाडणारं कारण काढा, नाहीतर महिन्याभरात त्याच जागी नव्या रेघा येतील. दाराच्या काचेवरच्या उभ्या, एकमेकींना समांतर रेघा जवळपास नेहमीच बीडिंगमुळे येतात. काच वरखाली होते तिथे दाराच्या बाहेरच्या कडेला जी काळी रबरी पट्टी असते, तिच्या ओठावर मखमलीसारखी बारीक लव असते. काच खाली करा, अंगठ्याने पट्टी बाहेर ओढा आणि टॉर्च मारा. लवेत वाळूचे कण रुतलेले दिसतील, आणि कण जिथे बसलाय त्याच रेषेत वर काचेवर रेघ असेल. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाला ओला पातळ कपडा गुंडाळून पट्टीच्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. कपडा काळा निघणं थांबेपर्यंत दर वेळी स्वच्छ भाग वापरा. दोन्ही बाजूंच्या उभ्या चॅनलमध्येही हेच करा. कोरडं झाल्यावर चॅनलला सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा ऑइल नको, त्याला धूळ चिकटते आणि रबर फुगतं. लव झिजून खालचं कडक प्लॅस्टिक काचेला लागत असेल तर बीडिंग बदलाच. काचेच्या मानाने ती फारच स्वस्त पडते.

सामान फार लागत नाही. सेरियम ऑक्साइडची पूड शंभर ग्रॅम, काच पॉलिशसाठीची, एक ते तीन मायक्रॉनची. काचेच्या व्यापाऱ्याकडे किंवा ऑनलाइन मिळते. रंग पांढरट, पिवळसर किंवा गुलाबी असू शकतो. तीन इंची कडक फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या नमद्यासारख्या कापडाचा पॅड, ड्रिलमध्ये बसणाऱ्या दांड्यासकट. वेग कमी-जास्त करता येणारी ड्रिल मशीन, शक्यतो बॅटरीवरची, कारण पाणी उडणार आहे. फवाऱ्याची बाटली, मास्किंग टेप, प्लॅस्टिकचा कागद, मार्कर, दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी. डोळ्यांना चष्मा, आणि पूड कालवताना तोंडाला मास्क. कार पेंटचं रबिंग कंपाउंड आणि स्पंजचा पॅड इथे चालत नाही. स्पंज दबतो आणि काच झिजवतच नाही.

गाडी सावलीत लावा. उन्हात तापलेल्या काचेवर घोळ लगेच सुकतो, आणि पुढच्या लॅमिनेटेड काचेवर एकाच जागी उष्णता साठली तर तडाही जाऊ शकतो. काच पूर्ण वर करा. बीडिंग, रबर आणि आजूबाजूचा रंग टेप-प्लॅस्टिकने झाका, कारण सुकलेला सेरियम काळ्या प्लॅस्टिकच्या खाचांतून काढताना जीव जातो. रेघांच्या जागा काचेच्या आतल्या बाजूने मार्करने गोल करून ठेवा. घोळ लागल्यावर रेघ दिसत नाही, आणि खूण नसेल तर तुम्ही शेजारची चांगली काच घासत राहाल.

पुडीत पाणी थोडं थोडं घालून कालवा. ताकापेक्षा दाट आणि डोशाच्या पिठापेक्षा पातळ हवं. पूड तळाला बसते, म्हणून दर वेळी ढवळून घ्या. पॅड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मग घोळ लावा आणि मशीन बंद असतानाच तो काचेवर पसरा, नाहीतर सगळं अंगावर उडेल.

वेग मिनिटाला हजार ते दीड हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा. पॅड काचेला सपाट टेकवा, कडेवर उभा धरू नका. दाब मध्यम, मशीनचा आवाज किंचित जड होईल इतकाच. रेघेवर एकाच जागी थांबायचं नाही. तिच्या दुप्पट-तिप्पट रुंदीच्या पट्ट्यात आडवं, मग उभं, असं सतत फिरत राहायचं. हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. थांबलात की खळगा पडलाच.

घोळावर लक्ष ठेवा. सुरुवातीला तो ओला, मलईसारखा सरकतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात कडेने फिका पडून पापडी धरायला लागतो आणि पॅड काच ओढल्यासारखा वाटतो. त्याच क्षणी पाण्याचा एक फवारा मारा. सेरियम नुसतं खरवडत नाही, पाण्याच्या सोबतीने त्याची काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही होते. कोरडा पॅड फक्त गरम होतो, काम शून्य. दर एक-दोन मिनिटांनी काचेला हाताची मागची बाजू लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर थांबा आणि आपोआप गार होऊ द्या. गरम काचेवर थंड पाणी ओतू नका.

पाच मिनिटांनी धुऊन, पुसून, टॉर्च आडवा धरून बघा. रेघ आधी धूसर होते, मग तुटक, मग जाते. तळहाताएवढ्या जागेतल्या बारीक रेघांना वीस-तीस मिनिटं लागतात, नखाला किंचित जाणवणाऱ्यांना तासभरही. पाच मिनिटांत काहीच दिसत नाही म्हणून वेग आणि दाब वाढवणं ही नेहमीची चूक आहे. अर्ध्या तासानेही रेघ तशीच असेल तर ती सेरियमच्या आवाक्याबाहेरची आहे.

पॅड जमिनीवर पडला तर धुऊन परत वापरू नका. फेल्टमध्ये अडकलेला एक वाळूचा कण नव्या गोल रेघा काढेल. झाल्यावर घोळ ओला असतानाच भरपूर पाण्याने धुवा, टेप काढा, बीडिंगची कड पुसा आणि मगच काच खाली करा.

नख अडकणारा चरा असेल तर आधी सिलिकॉन कार्बाइडच्या डिस्क किंवा वॉटर पेपरने, पंधराशे, दोन हजार, तीन हजार अशा चढत्या क्रमाने घासावं लागतं आणि शेवटी सेरियम. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरच्या सगळ्या रेघा मिटल्याच पाहिजेत. एक जरी राहिली तरी सेरियम ती काढत नाही आणि काच दुधी राहते. हे मी घरी करायला सांगणार नाही. मागच्या दाराच्या काचेवर अनुभवी कारागिराकडून करून घेता येईल. मात्र पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या नजरेसमोर कोणाकडूनही करून घेऊ नका. तिथे खळगा पडला तर दिवसा रस्ता हलल्यासारखा दिसतो आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरतो. तो धोका चऱ्यापेक्षा मोठा आहे. काम झाल्यावर तपासायला समोरच्या बिल्डिंगचं ग्रिल किंवा विजेची तार त्या भागातून बघत डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्या. सरळ रेघ वाकली तर काच लहरली आहे. ज्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, त्या कॅमेऱ्यासमोरच्या भागात पॉलिश अजिबात नको. आणि मागच्या काचेच्या आतल्या बाजूला डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा छापलेल्या असतात, तिथे फेल्ट लावला तर त्या जातील.

खडा लागून पडलेला टवका हा वेगळा विषय. तो रेझिन भरून थांबवतात. ते रेझिन चऱ्याला चालत नाही.

बदलायची वेळ आलीच तर दाराची काच सोपी आहे: आतलं पॅनल काढून रेग्युलेटरचे, म्हणजे काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचे बोल्ट सोडायचे, तासाभराचं काम. कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारात त्याच मॉडेलची काच मिळते, पण शिक्क्यात आयएसआय आणि आयएस २५५३ हा क्रमांक आहे ना ते बघा. काळपट काच घेऊ नका. नियमाने बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. पुढची काच युरेथेनने चिकटवतात, म्हणून बसवणारा सांगेल तितके तास गाडी हलवू नका, आणि कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, पण झिजेने पडलेले ओरखडे क्लेममध्ये बसत नाहीत आणि क्लेम केला की नो क्लेम बोनसवर परिणाम होतो; आधी हिशोब करा.

वायपरची कमान पुढे वाढू नये म्हणून आज एवढं करा: ब्लेडच्या रबराची धार बोटाने तपासा, फाटली किंवा कडक झाली असेल तर लगेच बदला. धूळ असताना कोरडा वायपर फिरवू नका, आधी पाणी मारा. सोसायटीत गाडी पुसणारे काका एकाच बादलीत सगळ्या गाड्यांचं फडकं बुचकळत असतील, तर तुमच्या काचांसाठी वेगळं फडकं आणि स्वच्छ पाणी द्या.

चरा कोणत्या प्रकारात मोडतो ते ठरवता येत नसेल तर फोटो टाका. काचेमागे काळा कपडा धरा, टॉर्च बाजूने आडवा ठेवा, फ्लॅश बंद, आणि मापासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं टेपने चिकटवा.