ओम्नीतलं कूलंट कमी होतंय, पण खाली थेंबही पडत नाही. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं का?

लगेच उतरवू नका. 2010 ची ओम्नी, एलपीजी किट, आठवड्याला अर्धा लिटर कूलंट गायब, गाडी अजून तापत नाही, आणि मेकॅनिकने हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचं, नाव घेतलंय. गॅस्केट गेलेलं असूही शकतं. पण मी गॅरेज चालवतो, आणि गॅसवरची ओम्नी पाणी प्यायला लागली की माझा पहिला संशय रिड्युसरवर जातो.

रिड्युसरमध्ये द्रवरूप गॅसची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता इंजिनच्या गरम पाण्यातून घेतली जाते. म्हणजे किट बसवताना तुमच्या कूलंटच्या लाईनला टी-जॉइंट मारून दोन जादा होज जोडलेत. तिथल्या क्लिपा ढिल्या पडतात, किंवा रिड्युसरच्या आतलं पॅकिंग जातं. आतून गेलं तर कूलंट गॅसच्या लाईनने इंजिनात जाऊन जळतं. खाली थेंब कुठून दिसणार? कधी उलटंही होतं, गॅस पाण्यात शिरतो. म्हणून गार गाडीत रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर थोडा वेळ चालवून बघा. बुडबुडे फक्त गॅसवर आले तर हेडला हात लावायचं कारणच नाही. पेट्रोलवरही सतत येत राहिले तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असण्याची शक्यता वाढते. (सुरुवातीला अडकलेली हवा निघते, ती धरू नका. आणि तापलेल्या गाडीचं झाकण अजिबात उघडू नका.)

बुडबुडे कशावरच नाहीत? मग रिड्युसरचे दोन्ही होज काढून एकमेकांना जोडा आणि आठवडाभर फक्त पेट्रोलवर फिरा. या काळात गॅसवर टाकायची नाही, रिड्युसर गोठेल. कूलंटच्या छोट्या टाकीवर मार्करने खूण करा आणि पातळी रोज सकाळी, गाडी गार असतानाच बघा. पातळी जागेवर राहिली तर चोर सापडला.

तरीही कमी होत असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकं प्रेशर द्यायचं, बहुतेक 0.9 किलो प्रति चौरस सेंमी, आणि वीसेक मिनिटं काटा बघत बसायचं. तोवर पुढच्या सीट उचलून टॉर्च मारा. गरम इंजिनवर पडलेला थेंब जमिनीवर पोचण्याआधीच वाळतो, पण मागे हिरवट किंवा पांढरी खरपुडी सोडतो. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाजवळ आणि इंजिन ब्लॉकच्या पत्र्याच्या गोल बुचांभोवती ती हमखास दिसते. काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, असं झालं तर स्पार्क प्लग काढून गाडी प्रेशरवर रात्रभर ठेवा. सकाळी स्टार्टर मारला की ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर. तेव्हाही घाई नको: या 796 सीसी इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमधूनही (सिलिंडरला हवा-इंधन पोचवणाऱ्या नळीच्या भागातूनही) पाणी फिरतं, आणि त्याचं गॅस्केट हेडच्या मानाने फार स्वस्तात बदलतं.

रेडिएटरचं झाकण नवीनच टाका, त्याची परीक्षा घेत बसण्याइतकं ते महाग नाही. गार झाल्यावर कूलंटची टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा आणि वरचा होज चपटा दिसला तर दोष बहुधा झाकणाच्या मधल्या छोट्या व्हॉल्व्हचा असतो.

ऑईलच्या झाकणाखालची पिवळसर साय बघून घाबरू नका, शाळेच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती वाफेनेही जमते. डिपस्टिकवरचं ऑईलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी हलवू नका. आणि कोणी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगेल. बारीक भोक बुजतंही त्याने, पण तो गाळ रिड्युसरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मग न तापणारी गाडी तापायला लागते.