सेट्रिझिनने ओठावरचं हर्पिस थांबतं का?

तुमचा प्रश्न असा: दर दोन-तीन महिन्यांनी ओठाच्या कडेला फोड उठतात, आधी खाज सुटते, आणि कुणीतरी सांगितलंय की अँटीहिस्टामिनवर, म्हणजे ॲलर्जीच्या गोळ्यांवर, संशोधन झालंय, सेट्रिझिन घे. पंचवीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो ते बहुतेक वेळा सिमेटिडिनचं असतं. हे ॲसिडिटीचं औषध. तेही शरीरातल्या हिस्टामिन या रसायनालाच अडवतं, पण एच-२ रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवर ते रसायन चिकटतं ती जागा). सेट्रिझिन एच-१ वर. प्रतिकारशक्तीच्या काही पेशींवरही एच-२ असतात, म्हणून १९८०च्या आसपास काही डॉक्टरांनी ते मुख्यतः नागिणीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. रुग्ण मोजके होते, आणि प्रमाण उपचारांत ते कधीच आलं नाही. शिवाय आपल्याकडे हर्पिस म्हटलं की नागीणच डोळ्यासमोर येते. नागिणीचा विषाणू कांजिण्यांचा, तुमच्या ओठावरचा सिम्प्लेक्स वेगळा. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

सिम्प्लेक्स कानापुढच्या भागात, कवटीच्या आत असलेल्या मज्जागाठीत (नसेच्या पेशींच्या गाठीत) दडून बसतो. ताप, ऊन, जागरण झालं की नसेवाटे ओठापर्यंत उतरतो. सेट्रिझिनने खाज थोडी कमी वाटेलही, विषाणूची वाढ थांबत नाही. ॲसायक्लोव्हिर थांबवतं, कारण विषाणूचंच एक एन्झाइम त्या औषधाला जागं करतं. निरोगी पेशीत ते जवळपास निष्क्रिय राहतं. सिमेटिडिन शोधणारे जेम्स ब्लॅक आणि ॲसायक्लोव्हिरमागच्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल एकत्रच मिळालं, याचं मला फार अप्रूप आहे.

आमच्याकडे एक प्राध्यापक यायचे. ओठ चुरचुरला की सेट्रिझिनची पट्टी न्यायचे आणि आठवड्याने सांगायचे, "गोळीने गेलं बघा." फोड आठ-दहा दिवसांत आपोआपच सुकतात, त्यामुळे जे घ्याल ते लागू पडल्यासारखं वाटतं. आणि ॲसायक्लोव्हिरचा खरा उपयोग होतो तो पहिल्या चुरचुरीच्या वेळी. ते दोन दिवस त्यांचे दरवेळी वाया जायचे. तुमचे जाऊ देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा. वारंवार होत असेल तर रोजची गोळी काही महिने देतात, तेही विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. सिमेटिडिनही सोबत घेत असाल तर तेही सांगा, त्याने ॲसायक्लोव्हिर शरीराबाहेर जायला वेळ लागतो.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. एकच डोळा लाल झाला, टोचतोय, उजेड सहन होत नाही, तर ॲलर्जी समजून घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यात हर्पिस असेल तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जखम पसरते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. ते नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात बघतात. हर्पिसची जखम असेल तर झाडाच्या फांदीसारखी हिरवी रेघ चमकते.