ब्लॉक ओढणं म्हणजे प्रोग्रामिंग का?

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची आहे, रोबोट किटसाठी मागे लागलीये, पण त्यात स्क्रीनवर नुसते रंगीत ब्लॉक ओढायचे असतात, त्याला काय प्रोग्रामिंग म्हणायचं?

उत्तर: म्हणायचं की! लूप (तेच काम पुन्हा पुन्हा कर), कंडिशन (असं झालं तर तसं कर) सगळं असतंच त्यात, फक्त स्पेलिंगची कटकट नाही. खरी मजा रोबोट चुकतो तेव्हा, दोन्ही मोटरना सारखाच स्पीड दिला तरी गाडी एका बाजूला ओढते कारण दोन मोटर कधीच अगदी सेम नसतात, मग सेन्सर लावून सुधारत बसायचं, तिथेच इंजिनिअरिंग सुरू होतं (तुम्ही मध्ये हात घालू नका हं). लेगोचं १९९८ला आलेलं माइंडस्टॉर्म्स हे रोबोट किट २०२२च्या शेवटी बंद झालं, किट बंद झालं की त्याचं अ‍ॅपही कधीतरी बंद पडू शकतं, त्यामुळे कंपनीच्या अ‍ॅपशिवाय किट चालतं का ते बघा. मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) असलेल्या किटमध्ये पुढे पायथॉन ही टाइप करून लिहायची प्रोग्रामिंग भाषाही जमते.