बोलक्या बाहुलीचं डोकं पेटीत देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. तीन वर्षं शब्दभ्रम, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करायची कला, शिकलात, पहिली स्वतःची बाहुली, गण्या, करून घेतलीत, आता बंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळात मुलांसमोर कार्यक्रम आहे आणि पुण्याहून विमानाने गण्याला न्यायचं कसं, हा प्रश्न आहे. विमान कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की पेटीत घालून चेक-इनला द्या, वर नाजूक वस्तूचं स्टिकर लावू, काळजी करू नका. तेवढं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण अगदी याच शब्दांत मलाही सांगितलं होतं.

आधीच सांगतो, मी सुरक्षा खात्यातला नाही आणि वकीलही नाही. बँकेतून निवृत्त झालोय आणि गेली २२ वर्षं हौसेने बाहुली हातात घेतोय. नियम बदलतात, विमानतळागणिक अनुभवही बदलतो, म्हणून निघायच्या आठवड्यात सगळं पुन्हा तपासा. हातातल्या बॅगेचं सात किलो वजन, पाण्याची बाटली, किती वाजता पोचायचं, हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

२०१४ च्या गणपतीत इंदूरला कार्यक्रम होता. माझ्या बाहुलीचं, बापूचं, डोकं गुरुजींनी केलेलं. जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवत, मधे दोन-दोन दिवस वाळवत केलेलं डोकं. आत बोट घातलं की उजव्या कानामागे एक जाडसर शिवण लागायची, आणि बॅटरी मारून पाहिलं तर तिथे छापील अक्षरं अजून वाचता यायची. प्लायवूडची पेटी मी स्वतः करून घेतली होती, ७० सेंटिमीटर लांब. ती हातातच न्यायची असं ठरवून गेलो, पण केबिनमधल्या बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ असतं, हे आधी पाहिलंच नाही. काउंटरवर सांगितलं की ही वर जाणार नाही, चेक-इन करावी लागेल. मी म्हटलं, आत नाजूक वस्तू आहे. त्यावर एक टॅग काढला आणि पेन पुढे केलं. ‘इथे सही करा, फॉर्मॅलिटी आहे.’ मागे रांग खोळंबलेली, पहाटेचे पाच वाजलेले. मी सही केली.

त्या टॅगला लिमिटेड रिलीज टॅग म्हणतात. वस्तू नाजूक आहे किंवा तिचं पॅकिंग पुरेसं नाही हे प्रवाशाने मान्य केलं आणि ती मोडली तर कंपनीला जबाबदार धरणार नाही, असा त्या सहीचा अर्थ. बारीक अक्षरात टॅगवर लिहिलेलं असतं. मी ३१ वर्षं लोकांना ‘वाचून सही करा’ म्हणत आलो आणि स्वतः वाचलं नाही.

इंदूरला पट्ट्यावर पेटी आडवी आली, एक बिजागरी निघालेली. तिथेच उघडली. मानेचा दांडा, ज्यावर जबडा आणि डोळे हलवायचे खटके असतात, तो खटक्यांच्या खालीच तुटला होता, जबड्याची स्प्रिंग बाहेर लोंबत होती आणि डावा डोळा डोक्याच्या आत पडून खुळखुळत होता. कवटी कपाळापासून कानापर्यंत उकललेली. तिथल्या सामानाच्या खिडकीवर गेलो. माणसाने पेटीकडे पाहिलंच नाही, टॅग उलटा करून विचारलं, ‘सही तुमचीच ना?’ मी हो म्हटलं. म्हणाला, मग आम्ही काही करू शकत नाही, मुंबईच्या ऑफिसला मेल करा. मुंबईच्या ऑफिसने सांगितलं, पोचलेल्या ठिकाणीच तक्रार नोंदवायला हवी होती. मी नोंदवायलाच गेलो होतो, यांनीच लिहून घेतलं नाही, हे कितीदा कळवलं! फोटो पाठवले, बोर्डिंग पास पाठवला, पेटीचं बिल पाठवलं. दीड महिन्याने उत्तर आलं की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्या सगळ्या पत्रव्यवहारात बाहुली हा शब्द एकदाही त्यांच्याकडून आला नाही, ‘आयटम’ एवढंच. पैशांचं मला काही नव्हतं. गुरुजी त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते, तसं डोकं पुन्हा होणार नव्हतं. मला कुणीतरी एकदा पेटीत डोकावून बघायला हवं होतं.

इंदूरच्या मुलांसमोर मी पायमोज्याची बाहुली करून कार्यक्रम केला. मुलं हसली. मला तो पाऊण तास अजून आठवतो तो घशातल्या आवंढ्यामुळे.

म्हणून माझं मत ठाम आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल. डोकं आणि दांडा कधीही चेक-इनला द्यायचा नाही. धड, पाय, कपडे, स्टँड खुशाल द्या. धड पोकळ असतं, मोडलं तर दुसरं करता येतं. गण्याचं डोकं धडातून उचलून निघतं असं तुमच्या फोटोवरून दिसतंय, तर डोकं टॉवेलमध्ये गुंडाळून मऊ बॅगेत घाला. पेटी घरीच ठेवा, मऊ बॅग वरच्या कप्प्यात दाबून बसते. काही कंपन्या मोठ्या वाद्यांसाठी शेजारची सीट विकत देतात, पण आपल्या मानधनात ते बसत नाही. आणि आत लवकर शिरा. वरचे कप्पे भरले की दारात उशिरा आलेल्यांच्या बॅगा खाली टाकायला घेतात आणि पुन्हा तोच टॅग पुढे येतो. आला, तर सही करण्याआधी डोकं बाहेर काढून मांडीवर घ्या.

आता तपासणी. फोनवरच्या माणसाने ‘चालेल’ म्हटलं याला तिथे किंमत नाही. तो विमान कंपनीचा. पुण्याला तपासणीवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल (सीआयएसएफ) असतं, काय न्यायचं आणि काय नाही याचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे असतात, आणि संशय आला तर शेवटचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा. माझा अनुभव विचाराल तर या माणसांनी मला कधी त्रास दिलेला नाही. त्यांना आत काय आहे ते दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि तुमच्या गण्याच्या डोक्यात नेमकं तेच दिसणार नाही. तुम्ही लिहिलंय की डोळे आपोआप मधे यावेत म्हणून मागे शिशाचा तुकडा लावलाय. एक्स-रेच्या पडद्यावर कापड, लाकूड, कागद नारिंगी दिसतं, धातू निळा. शिसं इतकं दाट की किरण त्यातून पारच होत नाहीत, तिथे नुसता काळा ठोकळा उमटतो. त्याच्या शेजारी खटक्यांच्या तारा, आणि डोळ्यांतल्या एलईडीसाठी तुम्ही बसवलेली पॉवर बँक. तार, बॅटरी आणि मधे न दिसणारा काळा ठोकळा, हे सगळं एका बंद गोळ्यात! पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या जागी बसून पाहा. तो बॅग बाजूला घेणारच आणि घ्यायलाच हवी.

मी नव्या बापूत शिसं काढून स्टीलचे दोन नट लावले. नट पडद्यावर नटासारखाच दिसतो, मधलं भोकसुद्धा दिसतं. वजन कमी पडलं तर तिसरा लावा. तारा एकत्र वळून ठेवू नका, दांड्याच्या बाजूने सरळ सोडा. डोक्यात मागून हात जाईल एवढी झडप ठेवा, म्हणजे त्यांना उघडून दाखवता येईल, नाहीतर टाका उसवायची वेळ येते.

पॉवर बँकचं मात्र मत वगैरे नाही, नियमच आहे. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, ती केबिनमध्येच न्यायची, १०० वॉट-अवरपर्यंतची. म्हणजे फोनवरच्या माणसाचं ऐकून गण्याला पॉवर बँकेसकट पेटीत घातलं असतंत तर पेटी अडकली असती आणि तुम्हाला बोलावणं आलं असतं, तेही विमान सुटायच्या तोंडावर. डोक्यातून काढा, ट्रेमध्ये वेगळी ठेवा. खरं तर एलईडी साध्या पेन्सिल सेलवर करून घ्या. मला स्वतःला डोळ्यांत दिवे आवडत नाहीत, मुलांचं लक्ष तोंडावरून उडतं, पण ते राहू द्या.

गण्याच्या खिशातली बेचकी काढा. हसू नका, बेचकी केबिनमध्ये मनाई असलेल्या वस्तूंत येते आणि बाहुलीची असली तरी रबर खरंच आहे. ती धडाबरोबर खाली जाऊ द्या. कुणाच्या बाहुलीकडे खोटं पिस्तूल असेल तर तेही केबिनमध्ये नको, प्लास्टिकचं असलं तरी. आणि पिस्तुलात फोडायच्या टिकल्या तर कुठल्याच बॅगेत नकोत, त्या स्फोटकांत मोडतात. पक्कड, पेचकस, कटर चेक-इनमध्ये. फेविबॉण्डसारखा उग्र वासाचा डिंक, थिनर, मिशा चिकटवायचा स्पिरिट गम ज्वलनशील आहे, तो दोन्हीकडे नको. बंगळुरूला पोचल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. उद्घाटनाचा नारळही तिथलाच घ्या, इथून सुकं खोबरं वगैरे चेक-इनमध्ये भरू नका, तेल असल्यामुळे त्यालाही मनाई आहे.

बॅग यंत्रात टाकायच्या आधीच सांगा. शब्दभ्रम म्हणून तिथे कुणाला काही कळत नाही, बरेच जवान हिंदी भाषक असतात. ‘कठपुतली है, सर में मशीन है’ एवढं पुरतं. मोबाइलवर कार्यक्रमाचा एक फोटो उघडा ठेवा, ज्यात तुम्ही आणि गण्या दोघं दिसता. दाखवायला सांगितलं तर एक खटका दाबून जबडा हलवा आणि थांबा. बाहुलीच्या आवाजात तिथे बोलायचं नाही. कुणी आग्रह केला तरी नाही. थट्टेत ‘बाँब’ म्हटल्यामुळे ताब्यात घेतल्याच्या बातम्या येतच असतात, आणि तो शब्द कुणाच्या तोंडून आला याचा घोळ आपल्या कलेत घालायला नको. लहान मूल मागे लागलं तर त्याला गेटपाशी या म्हणावं.

कुणाला परदेशी जायचं असेल त्यांच्यासाठी: अमेरिकेत चेक-इनची बॅग तुमच्या मागे उघडून बघतात आणि आत तपासणीची चिठ्ठी टाकतात. मी मुलीकडे जाताना धडाच्या वर इंग्रजीत एक कागद ठेवला होता, हे काय आहे आणि परत कसं ठेवायचं. परत तसंच ठेवलेलं मिळालं.

आणि काही मोडलंच, तर पट्ट्यापाशीच उघडून फोटो काढा आणि इमारतीबाहेर पडायच्या आधी लेखी नोंद घ्या. ते नाही म्हणाले तर तिथूनच, त्याच मिनिटाला, त्यांना मेल टाका, म्हणजे वेळ नोंदली जाते. मी हेच केलं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडक्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत द्यावी लागते. विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीचं सरकारचं एअरसेवा पोर्टल २०१६ साली आलं, माझ्या वेळी नव्हतं. तिथेही टाका.

अर्धवटरावांनी शंभरी कधीच ओलांडली. पाध्यांच्या घरात तीन पिढ्यांनी ती बाहुली जपली. आपल्याकडे अशा बाहुल्या करणारे हात मोजके उरलेत, म्हणून एवढं लांबलं.

गण्याच्या दांड्याची लांबी कळवा. ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तरी कापू नका, बॅगेत तिरका बसतो. आणि शिसं काढताना डोळ्यांचा आडवा दांडा दोऱ्याने बांधून घ्या, नाहीतर दोन्ही डोळे एकदम आत पडतात.