उतारावर बंद पडणारा फवारणी पंप

प्रश्न : आमची आंब्याची बाग उतारावर आहे. तुडतुड्यासाठी फवारणी करताना पेट्रोल इंजिनचा एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप वरच्या अंगाला नेला की पाच मिनिटांत बंद. खाली अंगणात आणला की एका दोरीत सुरू! तेल नवं आहे. मेस्त्री म्हणतात, ऑइल सेन्सरची वायर काढा, कटकट मिटेल. काढू का?
— एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : अजिबात काढू नका. अंगणात चालतो आणि चढावर बंद पडतो, म्हणजे सेन्सर त्याचं काम चोख करतोय.

या पाच-सहा हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत बहुधा ऑइल पंप नसतोच. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. क्रँक फिरला की ती तेलात बुडते आणि तेल वर उडवते. त्या शिंतोड्यांवर सिलिंडर, बेअरिंग, कॅम सगळं चालतं. आणि तेल ते किती, तर होंडाच्या जीएक्स 160 इंजिनात जेमतेम 600 मिली. इंजिन कललं की एवढंसं तेल एका कडेला जातं आणि पळी कोरडी फिरते. रॉड ॲल्युमिनियमचा, आत वेगळी बेअरिंग नाही. तेल नसेल तर तो क्रँकला चिकटतो, तुटतो आणि कधी कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग मेस्त्रींचं बिल वायरीपुरतं राहत नाही.

हेच टाळायला सेन्सर असतो : तेलात तरंगणारा एक फ्लोट. तेल उतरलं किंवा कडेला गेलं की तो खाली बसतो, ठिणगी देणाऱ्या कॉइलचा करंट बॉडीला अर्थ होतो आणि ठिणगी बंद. पंप ठेवताना खाली चिरे-फळ्या लावून तो सपाट करा. जीएक्सला 20 अंशांपलीकडे तिरकं चालवायचं नसतं. पाइप लांब घ्या आणि पंप खालीच ठेवा, हे सर्वांत सोपं.

तेल सपाट जागेवरच बघा. जीएक्ससारख्या इंजिनांत डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) न पिळता नुसती आत घालायची. तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत हवं. सपाटीवर, तेल पुरेसं असतानाही बंद पडला, तर मात्र सेन्सरची वायर तात्पुरती सोडवून ठिणगी येते का पाहा. आली तर फ्लोट अडकलाय किंवा वायर सोलून बॉडीला लागतेय. दोष काढून वायर परत जोडायची.

फ्लोटला फक्त पातळी कळते, तेलाचा कस नाही. टेम्पोतून नेताना पेट्रोलचा कॉक उघडा राहिला, तर कधी कार्ब्युरेटरमधून पेट्रोल तेलात उतरतं. पातळी वाढते, फ्लोट खूश, आणि तेल पाण्यासारखं पातळ. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर सगळं तेल ओतून नवं घाला.

प्रश्न : टू-स्ट्रोक ग्रासकटरमध्ये हा सेन्सर कुठे असतो?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नसतो. त्यात तेलाची टाकीच वेगळी नाही, तेल पेट्रोलमधूनच जातं. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून करा आणि कॅनवर ठळक लिहून ठेवा. घाईत गडी स्कूटरचं साधं पेट्रोल ओततो, आणि पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं.