अक्कलदाढ काढताना गुंगी घ्यावी की भुलीचे इंजेक्शन पुरेसे आहे?

आपण लिहिले आहे की खालची आडवी अक्कलदाढ काढायची आहे, एका डॉक्टरांनी ‘इंजेक्शनवर होऊन जाईल’ असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी गुंगी देऊन काढू असे सुचवले, आणि लहानपणी नीट बधिर न होताच दाढ ओढल्याची आठवण अजून ताजी असल्यामुळे नुसत्या विचारानेही आपल्या पोटात गोळा येतो. मी एकवीस वर्षे सातारा जिल्ह्यात दातांचा दवाखाना चालवतो आणि हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गुंगी आणि भूल ही एकाच कामाची दोन औषधे आहेत, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. हिरडीत दिलेले भुलीचे इंजेक्शन वेदना थांबवते, तर गुंगीचे औषध भीती कमी करते. गुंगी घेतली म्हणून इंजेक्शन टळत नाही. ते द्यावेच लागते, फक्त ते कधी दिले हे आपल्याला बहुधा आठवत नाही. त्यामुळे आपल्यापुढची खरी निवड ‘नुसते इंजेक्शन’ की ‘इंजेक्शन आणि सोबत गुंगी’ अशी आहे. इस्पितळात जाऊन पूर्ण बेशुद्ध होणे हा तिसरा मार्ग अगदी वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आपल्याकडे दाढ काढताना बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन हे भुलीचे औषध वापरतात. निल्स लोफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते १९४३ च्या सुमारास तयार केले आणि आजही आमचा सर्वाधिक भरवसा त्याच्यावरच आहे. साधारण २ टक्के लिग्नोकेनमध्ये अगदी थोडे अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते. त्याने रक्तस्राव कमी होतो आणि औषध त्या जागी जास्त वेळ टिकते. इंजेक्शननंतर काही मिनिटे छातीत धडधड होते ती याच अ‍ॅड्रेनलिनमुळे, आणि ‘मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगणाऱ्या अनेकांची हकीकत नीट ऐकली तर ती या धडधडीची किंवा भीतीने आलेल्या चक्करेची निघते. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ आहे.

खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्यामुळे औषध बाहेरून झिरपून आत पोहोचत नाही. म्हणून मज्जातंतू हाडात शिरतो त्या जागेजवळ, तोंडात पार मागे सुई न्यावी लागते. काही मिनिटांत त्या बाजूचा निम्मा ओठ सुजल्यासारखा वाटू लागतो आणि जीभही निम्मी जड होते. ओठ बधिर झाला नसेल तर दाढेला हात लावू नये, हा आमचा पहिला नियम. त्यानंतर मी हिरडीच्या कडेला टोकदार अवजार टेकवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : ‘दुखतंय की दाबतंय?’ वेदना वाहून नेणारे बारीक तंतू लिग्नोकेनने बंद पडतात, पण दाबाची जाणीव देणारे जाड तंतू बऱ्याच अंशी जागे राहतात. त्यामुळे दाढ हलताना जबडा ढकलल्यासारखा वाटणार, हाडातून कटकट असा आवाज कानात येणार, ड्रिलची थरथर जाणवणार, आणि तरीही दुखणार नाही. हे आधी सांगितले नसेल तर माणूस त्या दाबालाच वेदना समजतो, खुर्चीचा हात घट्ट पकडतो आणि घाबरून जातो. मी स्वतः सुरुवातीच्या काही वर्षांत हे सांगण्यात कुचराई केली, त्याची मला खंत आहे.

आपल्या लहानपणी काय झाले असेल, याचा अंदाज करता येतो. दाढेखाली पू झालेला असला तर तिथल्या ऊतींची आम्लता वाढते आणि औषधाचा फार थोडा भाग मज्जातंतूच्या आत शिरू शकतो. इंजेक्शन दिलेले असते, पण ते लागू पडत नाही. अशा वेळी पू काढून द्यावा, जंतुसंसर्ग उतरू द्यावा, किंवा सूज नसलेल्या दूरच्या जागी इंजेक्शन द्यावे आणि मगच दाढेकडे वळावे. मूल रडते आहे आणि बाहेर रांग लागली आहे, अशा घाईत हे राहून जाते. जे घडले ते आपल्या शरीराच्या दोषामुळे घडले असे मानू नका, आणि ते पुन्हा घडेल असेही मानू नका.

आता गुंगीविषयी. तिचा सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनसोबत दिला जाणारा नायट्रस ऑक्साईड. अंग हलके वाटते, काळजी मागे पडते, आणि वायू बंद करून काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की त्याचा परिणाम उतरतो. अमेरिकेत हॉरेस वेल्स या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. पण पुढच्याच महिन्यात बॉस्टनमध्ये त्याने प्रात्यक्षिक दाखवले तेव्हा रुग्ण ओरडला आणि वेल्सची नाचक्की झाली. वेदना थांबवण्यासाठी एकट्या वायूवर विसंबू नये, हे मला त्या प्रसंगावरूनही पटते. दुसरा प्रकार शिरेतून दिल्या जाणाऱ्या गुंगीचा, बहुधा मिडाझोलमचा. यात माणूस पूर्ण झोपत नाही. स्वतःचा श्वास स्वतः घेतो, हाक मारली तर ओ देतो, तोंड उघडा म्हटले तर उघडतो, पण त्या वेळचे पुष्कळसे विसरतो. एक शिक्षिका माझ्याकडे अशा गुंगीत दाढ काढून गेल्या. मधल्या काळात त्यांनी मला दोनदा नीट उत्तर दिले होते, हात वर करून थांबायलाही सांगितले होते, आणि संध्याकाळी त्यांनी घरी यजमानांना विचारले, ‘काढली का हो दाढ?’ ज्यांच्या मनात जुना धसका बसलेला आहे, त्यांना या विसरण्याचा फार उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र मिडाझोलमने श्वास मंदावू शकतो, म्हणून गुंगी कोण देणार हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. दाढ काढणारे डॉक्टर स्वतःच गुंगी देणार आणि त्यांच्या मदतनीस लक्ष ठेवणार, ही व्यवस्था मला मान्य नाही. वेगळे भूलतज्ज्ञ समोर हवेत. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन आणि मिडाझोलमचा परिणाम उलटवणारे फ्लुमाझेनिल आहे की नाही, हेही विचारावे, आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. झोपेत मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, दमा असेल, झोपेच्या गोळ्या किंवा रोजचे मद्य सुरू असेल, तर ते आधी सांगणे अत्यंत आवश्यक आहे. उपाशी किती वेळ राहायचे ते भूलतज्ज्ञ सांगतील. साधारणपणे घन अन्न ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करतात. घरी न्यायला सोबत कोणीतरी हवे, आणि त्यानंतर २४ तास गाडी चालवू नये की महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.

आपल्या बाबतीत पूर्ण भुलीची, म्हणजे पूर्ण बेशुद्ध होण्याची, गरज मला दिसत नाही. चारही अक्कलदाढा हाडात खोल रुतलेल्या असणे, लहान मुलाचे अनेक दात एकदम काढायचे असणे, सहकार्य करणे ज्याला शक्यच नाही असा रुग्ण असणे, किंवा सूज गळ्याकडे उतरून तोंड उघडेनासे होणे, अशा वेळी ती योग्य ठरते. आमच्या भागात गुटख्यामुळे तोंड आखडलेले रुग्णही पुष्कळ येतात, आणि त्यांना वाटते की बेशुद्ध केले की काम सोपे होईल. प्रत्यक्षात आखडलेल्या तोंडात श्वासनलिकेत नळी घालणे हेच भूलतज्ज्ञांपुढचे मोठे आव्हान असते. खालच्या अक्कलदाढेची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या जवळ असतात आणि त्याला इजा झाल्यास ओठ दीर्घकाळ बधिर राहू शकतो, हा धोका मुळांच्या ठेवणीवर अवलंबून आहे. पूर्ण भूल घेतल्याने तो कमी होत नाही. त्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे म्हणजे ओपीजी आणि गरज भासल्यास जबड्याचा थ्रीडी स्कॅन पाहूनच डॉक्टरांशी बोलावे.

मला विचाराल तर, ओपीजीमध्ये मुळे मज्जातंतूपासून दूर दिसत असतील आणि पू किंवा सूज नसेल, तर एका दाढेसाठी इंजेक्शन पुरेसे आहे. आडवी दाढ असल्याने हिरडी उघडून, थोडे हाड काढून, दाढेचे तुकडे करून ती बाहेर घ्यावी लागेल, पण हे सारे बधिर जागेत नीट होते. परंतु आपण लिहिले आहे की या भीतीपायी दोन वेळा ठरलेली तारीख आपण रद्द केली. तसे असेल तर गुंगीचा खर्च आणि एक दिवसाची सुट्टी सोसण्याजोगी आहे, कारण रखडलेल्या दाढेला पुन्हा सूज आली की इंजेक्शन लागू पडणेच कठीण होते.

नुसते इंजेक्शन घ्यायचे ठरवलेत, तर पोटभर नाश्ता करून जा, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास ती स्वतःहून बंद करू नका, आणि खुर्चीत बसताच लहानपणचा प्रसंग डॉक्टरांना सांगा. डावा हात वर केला की लगेच थांबायचे, असे आधीच ठरवून घ्या, आणि पहिल्या पाच मिनिटांत एकदा तो हात विनाकारण वर करून पाहा. ते थांबले की आपला जीव बराचसा भांड्यात पडेल. न थांबल्यास उठून दुसरीकडे जाण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.