विषय जरा आवर ना भाऊ
भाऊ, तू म्हणतो तो 'विदर्भातला कापूस' हा रिसर्च पेपरचा विषय नाही होत, त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं तरी अपुरं पडंल. 2002 मध्ये बीटी (जनुक बदललेलं कापसाचं बियाणं) आलं, मग गुलाबी बोंडअळी, 2017 ले यवतमाळात फवारणीतून विषबाधा, याच्यातलं तू नेमकं काय धरतो ते सांग आधी. मी म्हणतो एक तालुका घे, एक हंगाम घे अन् एकच प्रश्न, फवारणाऱ्या मजुराले मास्क-हातमोजे भेटते का, अन् भेटले तरी उन्हात तो घालते का. मग शोधगंगेवर (पीएचडीचे प्रबंध ठेवलेली वेबसाइट) पाहून घे, कोणी पीएचडी केली असंन तर घाबरू नको, शेवटचं 'पुढील संशोधनाच्या दिशा' वालं पान वाच, खरा माल तिथंच असते (बाकी अर्धं तर कॉपी-पेस्टच रायते). गाईडले दाखवायच्या आधी दोन-चार मजुरांशी बोल, बोलायलेच कोणी तयार नसंन तर प्रश्न बदल.